छातीवर येऊन बसतं ते बाहेरचं असतं की आतलं? अनुभव असलेल्यांनीच सांगा

रातपाळी_खानापूर

मंडळी, मी जांबोटी रस्त्यावरच्या एका गावचा. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. चार महिने सलग रातपाळी चालू आहे. सकाळी आठला सुटतो, बसनं घरी पोचेपर्यंत साडेनऊ. चहा घेतला की माळ्याखालच्या खोलीत आडवा होतो.

गेल्या महिन्यात तीनदा एकच प्रकार झाला. डोळे उघडे आहेत. कौलातल्या काचेतून आलेला उजेडाचा पट्टा कणगीवर पडलेला दिसतोय. परड्यात आई कोंबड्या हाकलतेय, तेही ऐकू येतंय. पण बोट हलत नाही. उंबऱ्यापाशी कोणीतरी उभं आहे. उंच, काळं, तोंड नसलेलं. ओल्या घोंगड्याचा वास येतो. मग ते सावकाश पुढं येतं आणि छातीवर बसतं. श्वास अर्धाच आत जातो. "आये" म्हणून ओरडतो, पण आवाज घशाच्या वर येत नाही. मग एकदम सुटतो. बनियन पिळून काढावं इतका घाम.

आई म्हणते, पिंपळावरचा मुंजा आहे. आमचा मेस्त्री ऐकून कानडीत म्हणाला, "देव्व बडकोंडैति," म्हणजे भूत लागलंय. शेजारचा शिकलेला पोरगा म्हणाला, मनाचे खेळ. त्याचंच जास्त लागलं मला. मनाचे खेळ म्हटलं की सांगणारा खोटा ठरतो. मी दारू पीत नाही, खोटं सांगून मला काय मिळणार?

एका देवर्ष्याला आईनं विचारलंय. त्यानं कोंबडं, नारळ आणि पाच हजार सांगितलेत, येत्या अमावास्येला. त्याआधी मला कळायला हवं.

निपाणीची_सिस्टर

दादा, तुम्ही खोटं सांगत नाही. आधी हे पक्कं धरा. मी मनोरुग्ण विभागात नर्स आहे आणि तुम्ही लिहिलंय तसंच वर्णन कितीतरी जणांकडून ऐकलंय.

झोपेचा एक टप्पा असतो, बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात तो. आपली ठळक स्वप्नं बहुतेक त्यातच पडतात. स्वप्नात आपण धावलो तरी अंथरुणात धावू नये म्हणून मेंदू त्या वेळी हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो. कधी कधी जाग आधी येते आणि ही पकड मागून सुटते. त्या मधल्या वेळात डोळे खरी खोली बघतात आणि स्वप्नही चालू राहतं. म्हणून कणगी खरी, कोंबड्या खऱ्या आणि तो उभा असलेलाही तितकाच खरा वाटतो. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हे होतंच.

छातीवरचं ओझंही समजून घ्या. त्या टप्प्यात श्वास उथळ चालतो. आपण घाबरून मोठा श्वास घ्यायला जातो, पण छातीचे स्नायू साथ देत नाहीत. कोणी वर बसलंय असं वाटतं ते त्यामुळं. जपानात याला कानाशिबारी म्हणतात, न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी येऊन बसते. फ्युझेली नावाच्या चित्रकारानं १७८१ मध्ये झोपलेल्या बाईच्या छातीवर बसलेला सैतान रंगवलाय. सगळीकडं शरीर एकच, नाव तेवढं ज्याच्या त्याच्या गावचं.

रातपाळी, अपुरी झोप आणि उताणं झोपणं यानं हे वाढतं. कुशीवर झोपा. चहा पाळी संपायच्या बराच आधी घ्या, घरी आल्यावर नको. कौलातल्या काचेवर पुठ्ठा लावा. धरलं तर सगळं अंग उचलायला जाऊ नका, फक्त पायाचा अंगठा हलवायला बघा. दुसऱ्यानं हात लावला तरी बहुतेकदा सुटतं. मात्र दिवसा कुठंही डोळा लागत असेल किंवा हसताना गुडघे ढिले पडत असतील तर डॉक्टरला नक्की दाखवा, तो आजार वेगळा.

कणकुंबीचा_अण्णा

सिस्टर, सगळंच झोपेत बसवता येत नाही. मी चांगला जागा होतो. पावसाळ्यात रात्री जंगलातनं गावाकडं निघालो, पायाखालची वाट. तीनदा त्याच पडक्या बांधापाशी आलो. आम्ही याला चकवा म्हणतो. शेवटी बांधावरच बसून राहिलो, उजाडल्यावर गाव हाकेच्या अंतरावर होतं.

निपाणीची_सिस्टर

अण्णा, बसून राहिलात हे फार चांगलं केलंत. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या जंगलात आणि सहारात माणसांना सरळ चालायला सांगून पाहिलं. ढगांनी सूर्य झाकला किंवा चंद्र मावळला की माणसं गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर यायची आणि त्यांना पत्ताही लागायचा नाही. तुमच्या रात्री आभाळ कसं होतं?

कणकुंबीचा_अण्णा

काळंकुट्ट. हातातला कंदील तेवढा.

येळ्ळूरची_लेक

कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणात नवव्या दिवशी मला पाळण्यापाशी एक बाई दिसली. हिरव्या बांगड्या, त्यांचा आवाज अजून कानात आहे. ती म्हणायची, हे मूल तुझं नाही. तीन रात्री मला झोप नव्हती. घरच्यांनी एकाला बोलावलं. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, केस धरून "बोल, कोण तू?" म्हणत निंबाच्या फोकानं मारलं. मी बोलले, कारण बोललं की मार थांबायचा. सगळ्यांना वाटलं, आतली बाई बोलली.

माझा भाऊ मला उचलून धारवाडला दवाखान्यात घेऊन गेला. हजारात एक-दोन बाळंतिणींना होणारा हा आजार, पहिल्या दोन आठवड्यांतच बहुधा दिसतो, असं तिथं कळलं. औषधांनी काही आठवड्यांत मी बाळाला ओळखायला लागले. तो आता सहावीत आहे.

दादा, बाधा काढतो म्हणून मारहाण करणं हा कर्नाटकात २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्या देवर्ष्यानं मारायचं म्हटलं नसेल, पण आज कोंबडं मागणारा उद्या तुमच्या घरातल्या एखाद्या बाळंतिणीकडं बघून काय सांगेल, याची मला भीती वाटते. कोणाला विचारायचं असेल तर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा, पैसे लागत नाहीत.

रातपाळी_खानापूर

अक्का, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्याला येऊ नको म्हणून सांग. पिंपळापाशी दिवा ती लावतेच, मी अडवत नाही.

पुठ्ठा लावला. कुशीवर झोपतो. बाबांचं घोंगडं दारामागं वाळत असायचं, ते बाहेर काढलं, वास गेला. तरी परवा पुन्हा धरलं. तोच उंबरा, तोच काळा. अंगठा हलवायचा म्हणून आठवत राहिलो, भीती निम्मी झाली पण हलला नाही.

आता मी झोपलो की आई उंबऱ्यातच सूप घेऊन तांदूळ निवडत बसते. श्वास वेगळा वाजला की तिला कळतं म्हणते. काल अकराच्या सुमाराला तिनं तळपायाला हात लावला आणि मी सुटलो. पुढच्या महिन्यापासनं दिवसपाळी द्या म्हणून अर्ज लिहिलाय.