चार ठिकाणचा डेटा एका नकाशावर आणायचाय, पण थर एकमेकांवर बसतच नाहीयेत

दिशा_शोधतेय:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. तीन महिन्यांपूर्वी डेटाच्या कामावर लागलेय, शिक्षण संख्याशास्त्रातलं, आणि नोकरीआधी क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरचा एक कोर्स केला होता. आता पहिलंच मोठं काम आलंय. पाण्याच्या स्रोतांची पाहणी झालीय, फिल्डवरच्या लोकांनी फोनवरून घेतलेले पॉइंट सीएसव्हीत, म्हणजे साध्या टेबलाच्या फाइलीत आहेत, वस्त्यांच्या सीमा दुसऱ्या विभागाकडून शेपफाइल या नकाशाच्या फॉरमॅटमध्ये आल्यात, पाण्याच्या तपासणीचे निकाल एक्सेलमध्ये आहेत आणि एक जुना स्कॅन केलेला कागदी नकाशा आहे. हे सगळं एकत्र करून दुरुस्ती आधी कुठे करायची ते सांगायचंय.

अडचण अशी की काही पॉइंट आफ्रिकेजवळ समुद्रात पडतायत, बाकीचे बऱ्यापैकी जागेवर आहेत. सीमांची फाइल शंभरेक मीटर सरकलेली वाटते. वस्त्यांची नावं तीन फाइलींत तीन तऱ्हेने लिहिलीयत. आणि साहेबांना शुक्रवारी नकाशा हवाय. मी प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बदलून बदलून बघितलं तर अजूनच गोंधळ झाला. कोर्समध्ये बटणं शिकवली, पण दिलेला डेटा सगळा नीटच होता हो, असला डेटा कसा वाचायचा ते कुणी शिकवलंच नाही. हे स्किल नक्की कुठून येतं? सुरुवात कुठून करू?

जुना_सर्वेक्षक:
आधी प्रोजेक्शन बदलणं थांबवा. सगळ्या मूळ फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांना हात लावू नका, काम कॉपीवर करा.

समुद्रातले पॉइंट गिनीच्या आखातात असतील तर त्यांचे अक्षांश रेखांश उघडून बघा, ० आणि ० दिसतील. फोनला उपग्रहांचा सिग्नल मिळायच्या आत कुणीतरी फॉर्म सेव्ह केला की असं होतं, रिकाम्या जागी शून्य बसतं. ते डिलीट करू नका, तिथे खरोखर एक विहीर किंवा नळ आहे, फक्त आपल्याला जागा माहीत नाही. यादी करून फिल्डवाल्यांकडे परत पाठवा.

शून्य नसतील तर अक्षांश रेखांश उलटे पडलेत का ते बघा. हे फार वेळा होतं कारण बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो आणि जिओजेसनसारख्या नकाशाच्या फाइल फॉरमॅटमध्ये रेखांश आधी असतो. अक्षांश ९० च्या वर जाऊच शकत नाही, तेवढी एक तपासणी सगळ्या ओळींवर चालवली तरी काही चुका लगेच हाती लागतात. अजून एक म्हणजे अंश आणि मिनिटं. कुणी १८ अंश ३० मिनिटं हे १८.३० असं टाइप केलं असेल तर ते चूक, ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, म्हणजे १८.५० पाहिजे. अक्षांशाचा १ अंश जमिनीवर साधारण १११ किलोमीटर भरतो, तेव्हा एवढ्याशा चुकीत पॉइंट २२ किलोमीटर लांब गेला, आणि तो जमिनीवरच पडल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. समुद्रातला पॉइंट निदान दिसतो तरी.

आता तुमचा प्रोजेक्शनचा गोंधळ. लेयरला, म्हणजे थराला, सीआरएस (जागेचे आकडे मोजायची पद्धत) नेमून देणं आणि लेयर रिप्रोजेक्ट करणं ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. पहिल्यात तुम्ही सॉफ्टवेअरला फक्त सांगता की हे आकडे अमुक पद्धतीचे आहेत, आकडे तेच राहतात. दुसऱ्यात आकडेच नवीन मोजले जातात. मूळ पद्धत चुकीची सांगून मग रिप्रोजेक्ट केलं की चूक आकड्यांत कायमची मुरते. म्हणून आधी आकडे वाचायला शिका. ७३.८५ सारखे असतील तर ते अंश, बहुतेक डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएसची पद्धत, सॉफ्टवेअरच्या यादीत तिचा क्रमांक ईपीएसजी ४३२६. लाखांच्या घरातले असतील तर मीटर, बहुधा यूटीएम ही पट्ट्यापट्ट्यांनी मीटरमध्ये मोजायची पद्धत, मग पट्टा कोणता ते विचारावं लागतं, कारण पृथ्वीचे ६ अंशांचे असे ६० पट्टे आहेत आणि तेच आकडे प्रत्येक पट्ट्यात सापडतात. शेपफाइलसोबत डॉट पीआरजे फाइल, म्हणजे पद्धत कोणती ते लिहिलेली फाइल, आलीय का? नसेल तर अंदाज करत बसू नका, पाठवणाऱ्याला फोन करा.

दिशा_शोधतेय:
बाप रे, बरोबर निघालं! समुद्रातले सगळे ० आणि ० च आहेत. आणि सीमांच्या फाइलला पीआरजे नाहीये, मीच मनाने ४३२६ दिलं होतं, नंतर एका वेबसाइटवर वाचून यूटीएम दिलं. शंभर मीटरचा फरक मात्र अजून तसाच आहे.

जुना_सर्वेक्षक:
मग फरक किती ते नंतर बघा, आधी तो कुठल्या दिशेला आहे ते बघा. नकाशाच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी, रस्त्याचे फाटे, पूल असल्या पक्क्या जागा निवडा आणि उपग्रहाच्या चित्रावरून फरक मोजून कागदावर लिहा. सगळीकडे एकाच दिशेला जवळपास तेवढाच सरकलाय तर डेटमचा घोळ, म्हणजे पृथ्वीचा आकार धरण्याची पद्धतच वेगळी वापरलीय. एका कोपऱ्यात पूर्वेला आणि दुसऱ्यात दक्षिणेला असं असेल तर ती फाइल स्कॅन केलेल्या कागदावरून गिरवलेली आहे आणि कागद ताणलाय किंवा तो जागेवर बसवायचे कंट्रोल पॉइंट कमी पडलेत. कुठे कमी, कुठे जास्त, कुठलीच शिस्त नाही असं असेल तर मोजणीतलीच चूक. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत, आणि चौथा उपाय, म्हणजे लेयर हाताने ओढून बसवणं, तो कृपा करून करू नका. एका ठिकाणी जुळतं, दहा ठिकाणी बिघडतं, आणि सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही की हे ओढलेलं आहे.

डेटम ही जुन्या जमान्याची भानगड आहे असं समजू नका. ऑस्ट्रेलियाचा भूखंड दरवर्षी साधारण ७ सेंटीमीटर सरकतोय, म्हणून त्यांना १९९४ चा डेटम बदलून २०२० चा आणावा लागला, आणि दोन्हींत साधारण १.८ मीटरचा फरक आहे. विहिरीच्या नकाशाला चालेल, जमिनीखालच्या पाइपच्या नकाशाला अजिबात नाही.

जोडाक्षर:
नावांबद्दल मी सांगते, कारण माझं अर्धं आयुष्य टेबलं जोडण्यात गेलंय. नावावर जोडू नका. वस्तीला कोड असेल तर कोडवर जोडा, आणि एक्सेल कोडच्या पुढचे शून्य खाऊन टाकतं हे लक्षात ठेवा, ०४१२ चं ४१२ होतं आणि मग काहीच जुळत नाही, म्हणून तो कॉलम सुरुवातीपासून टेक्स्ट म्हणूनच आणा. कोड नसेलच तर एक वेगळं टेबल करा, या फाइलीतलं हे नाव म्हणजे त्या फाइलीतलं ते नाव, आणि ते माणसाने बघून केलेलं असू दे, कारण एकाच नावाच्या दोन वस्त्या असतात आणि सॉफ्टवेअर बिनबोभाट दोन्हीकडे तेच निकाल चिकटवतं.

जोडण्याआधी ओळी मोजा, जोडल्यावर परत मोजा. आकडा वाढला तर कुठेतरी एकाला दोन जुळले, कमी झाला तर काही गळले. माझ्या पहिल्या नोकरीत एका जोडणीत काही ओळी दुप्पट झाल्या होत्या, मी मोजलं नव्हतं, आणि त्यावरून केलेला खर्चाचा अंदाज वर मंजूर होऊन परत आला तेव्हा फिल्डवरच्या एकाने फोन करून विचारलं की आमच्याकडे एवढे हातपंप आहेत कुठे. तो दिवस मी विसरलेले नाही, तेव्हापासून मोजल्याशिवाय एकही जोडणी करत नाही.

आणि शेपफाइलमध्येच सेव्ह करत राहिलात तर कॉलमची नावं १० अक्षरांवर कापली जातात, मराठी लिपीत तर त्याहून लवकर. मग तपासणीचे दोन वेगवेगळे कॉलम एकसारखे दिसायला लागतात. त्याऐवजी जिओपॅकेज या फॉरमॅटमध्ये ठेवा, एकाच फाइलीत सगळे थर राहतात. अजून एक, सीमा कुठल्या वर्षाच्या आहेत आणि तपासणी कुठल्या वर्षाची आहे ते विचारा. मधल्या काळात वस्तीचे दोन भाग झाले असतील तर कोड जुळूनही अर्थ जुळत नाही.

रास्टरवाला:
वरच्या दोघांनी जोडणीचं छान सांगितलंय, मी पुढच्या पायरीचं बोलतो, म्हणजे जुळल्यावर नकाशा वाचायचा कसा, कारण शुक्रवारी साहेब रंग बघणार आणि रंगावरून निर्णय घेणार.

खराब स्रोतांची नुसती संख्या रंगवू नका. मोठ्या वस्तीत स्रोत जास्त म्हणून खराबही जास्त, नकाशा फक्त कोण मोठं ते सांगेल. तपासलेल्यांपैकी खराब किती, हे प्रमाण घ्या. पण तिथेही सांभाळा, दोनच तपासले आणि दोन्ही खराब म्हणजे १०० टक्के, आणि ती वस्ती सगळ्यात गडद दिसते, म्हणून तपासलेल्यांची संख्या बाजूला छापाच. आणि जिथे तपासणीच झाली नाही तिथे पांढरा रंग देऊ नका, बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. राखाडी रेघा द्या आणि सूचीत ‘तपासणी नाही’ असं लिहा. पॉइंट सगळे रस्त्याकडेलाच दाटलेत का तेही बघा. पाहणी करणारे जिथे गाडी जाते तिथे गेले असतील तर रस्त्यापासून लांबच्या स्रोतांबद्दल तुमचा नकाशा गप्प आहे, आणि ते अहवालात लिहायलाच पाहिजे.

रंगांच्या पायऱ्या कशा पाडता त्यावर चित्र बदलतं. आकड्यांच्या समान अंतराने पाडा किंवा प्रत्येक पायरीत सारख्याच वस्त्या येतील अशा पाडा, तोच डेटा एकदा भीषण दिसतो आणि एकदा सौम्य. दोन्ही करून बघा, निष्कर्ष दोन्हींत टिकत असेल तरच बोला.

अंतर मोजताना लेयर अंशांत असेल तर बफरला, म्हणजे पॉइंटभोवतीच्या घेऱ्याला, ५०० लिहू नका, ते ५०० अंश होतील, आधी मीटरच्या प्रोजेक्शनमध्ये आणा. वेब मर्केटरवर, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या प्रोजेक्शनवर, क्षेत्रफळ तर मोजूच नका, ६० अंश अक्षांशावर ते जवळपास चौपट येतं. आणि पाणी कुठून कुठे वाहतं असलं काही करणार असाल तर फोनने दिलेली उंची वापरू नका, ती बऱ्याचदा समुद्रसपाटीपासूनची नसतेच, पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, आणि हिंदी महासागराच्या काही भागात तर या दोन उंचींत १०० मीटरच्या आसपास फरक आहे.

एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते ती सांगतो. १८५४ मध्ये लंडनमध्ये कॉलरा आला तेव्हा जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसले, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांचं खरं काम मला न जुळणाऱ्या ठिकाणी दिसतं. पंपाच्या अगदी जवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले होते, ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. आणि लांब हॅम्पस्टेडला एक बाई गेली, तर चौकशीत कळलं की तिला त्याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची म्हणून रोज ते मागवलं जायचं. तुमच्या नकाशावर जे एक दोन पॉइंट बाकीच्यांशी विसंगत दिसतील ना, ते काढून टाकायच्या आधी तिथे फोन लावा.

दिशा_शोधतेय:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री बसून एकेक केलं. पाच जागी मोजलं, फरक सगळीकडे एकाच दिशेला आहे. त्या विभागातल्या माणसाला फोन केला तर त्यांनी लगेच सांगितलं की फाइल जुन्या डेटमवर आहे, आणि रूपांतराचे आकडेही दिले, आता फाटे आणि पूल ५ मीटरच्या आत बसतायत. जोडणीत ओळी वाढल्या होत्या, सारख्या नावाच्या दोन वस्त्या निघाल्या, जोडाक्षर ताई तुम्ही म्हणालात तस्संच.

स्कॅन केलेला नकाशा फक्त पार्श्वभूमीला ठेवलाय. पण साहेबांना कसं सांगू की काही भागाबद्दल मला खात्री नाही? नवीन आहे, त्यांना वाटेल काम जमलं नाही.

जोडाक्षर:
‘खात्री नाही’ एवढंच नका म्हणू, कशाची नाही आणि ती व्हायला काय लागेल ते सांगा. म्हणजे असं, इतक्या स्रोतांची जागा मिळालेली नाही, यादी फिल्डवर दिलीय, दोन दिवस लागतील, आणि त्यांच्यामुळे पहिल्या पाच वस्त्यांचा क्रम बदलू शकतो किंवा बदलणार नाही. हे शेवटचं तुम्ही स्वतः तपासून बघा, त्या जागा सगळ्यात वाईट धरून एकदा आणि चांगल्या धरून एकदा. क्रम तोच राहिला तर साहेब शुक्रवारीच काम सुरू करू शकतात. आणि प्रत्येक पॉइंटला अचूकतेचा एक कॉलम ठेवा, ॲप तो आकडा देतं, मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटरच्या आत असतो पण झाडाखाली किंवा भिंतीलगत बराच वाढतो. दशांशानंतर सात आकडे आले म्हणून जागा तेवढी अचूक होत नाही.

जुना_सर्वेक्षक:
आणि त्या रूपांतराचे आकडे, कुणी दिले, कुठल्या तारखेला, ते जिओपॅकेजच्या शेजारी साध्या टेक्स्ट फाइलीत आजच लिहून ठेवा. सीमा कुठल्या वर्षाच्या ते विचारलंत का फोनवर?

दिशा_शोधतेय:
नाही विचारलं, डेटमच्या नादात राहूनच गेलं. टेक्स्ट फाइल आत्ता करते आणि सकाळी परत फोन लावते.