जुन्या पेट्रोल टाकीशेजारची माती आणि भूजल कोणत्या क्रमाने तपासावे?

प्रश्न

आम्ही घेतलेल्या शेतजमिनीच्या एका कोपऱ्यात पूर्वीच्या मालकाने पुरलेली पेट्रोलची लोखंडी टाकी आहे. ती अनेक वर्षे वापरात नाही. शेजारी चर खणताना साधारण दीड मीटरवर माती करडी-हिरवट लागली आणि तिला पेट्रोलचा स्पष्ट वास आला. पिण्याच्या पाण्याची विहीर तिथून सुमारे 80 मीटरवर, उताराच्या बाजूला आहे. तिच्या पाण्याला वास नाही. टाकी काढून सगळी माती लगेच उपसावी, असे घरच्यांचे म्हणणे आहे. प्रदूषण कुठवर गेले आहे हे कळल्याशिवाय खणणे मला पटत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर 1

सुरुवात विहिरीपासून करा आणि अहवाल येईपर्यंत ते पाणी पिणे व स्वयंपाकाला वापरणे थांबवा. वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका, कारण जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनसाठी (पेट्रोलमधला एक विषारी घटक) लिटरला 10 मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य दिले आहे, आणि माणसाच्या नाकाला किंवा जिभेला बेंझीन जाणवते ते याच्या कितीतरी पट जास्त असल्यावरच. पाणी उकळणे हाही उपाय नाही. बेंझीन पाण्यातून निघून घरातल्या हवेत मिसळते.

नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या 40 मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत काठोकाठ भरा, झाकण लावून कुपी उलटी करा आणि आत बुडबुडा दिसला तर तो नमुना टाकून नव्या कुपीत दुसरा घ्या. त्या मोकळ्या जागेत बेंझीन उडून जाते आणि अहवाल खोटा दिलासा देतो. नमुने थंड पेटीतच पाठवा.

उत्तर 2

खणण्याआधी व्याप्ती शोधावी हे आपले म्हणणे योग्यच आहे. टाकीत पेट्रोल उरले असेल, तर ते मात्र जाणकारांकडून लगेच काढून घ्या. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीने पेट घेते.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते झिरपत भूजलाच्या पातळीपर्यंत जाते आणि तिथे पसरते. ही पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होते, तसा पेट्रोलचा लेप मातीच्या जाड थरावर बसतो. म्हणून टाकीच्या तळापासून पाणीपातळीच्या खालपर्यंत ठराविक अंतराने माती काढून प्रत्येक नमुन्यावरची वाफ हातातल्या वाफमापकाने पाहावी. हे यंत्र एकूण वाफ सांगते, बेंझीन किती ते सांगत नाही. सर्वाधिक वाफेच्या आणि सर्वांत खालच्या स्वच्छ वाटणाऱ्या खोलीवरचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. ते पिशवीत भरून नेऊ नयेत. मातीचा छोटा गोळा जागेवरच मिथेनॉल असलेल्या कुपीत टाकला, तर त्यातले घटक टिकतात.

निरीक्षण विहिरी (भूजल तपासण्यासाठी घेतलेल्या अरुंद नळीच्या विहिरी) किमान तीन हव्यात, आणि त्या एका रेषेत नकोत. तिन्हींच्या तोंडांची उंची मोजून पाण्याची पातळी घेतली, की भूजल कोणत्या दिशेला वाहते ते काढता येते. जमिनीचा उतार हा केवळ अंदाज आहे. आपल्या विहिरीवरचा पंप रोज चालत असेल, तर तो प्रवाह स्वतःकडे ओढू शकतो. या विहिरींची जाळी, म्हणजे नळीचा पाणी आत येऊ देणारा सच्छिद्र भाग, पाणीपातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे असावी. ती पूर्ण बुडालेली असेल, तर वर तरंगणारे पेट्रोल विहिरीत येतच नाही. अनेक तपासण्या इथेच फसतात.

उत्तर 3

वरच्या मांडणीशी सहमत आहे, पण ती मातीच्या थरांना लागू पडते. खाली भेगाळलेला खडक असेल, तर दूषित पाणी एखाद्या भेगेने लांब जाते आणि तीन विहिरींवरून काढलेली दिशा फसवी ठरू शकते. अशा वेळी परिसरातल्या सर्व वापरातल्या विहिरी तपासाव्यात.

चाचण्यांत बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन आणि झायलीन या पेट्रोलमधल्या घटकांसोबत एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एक रसायन) अवश्य मागा. पेट्रोलमध्ये ते मिसळलेले असेल तर ते पाण्यात सहज विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही आणि बेंझीनच्या पुढे धावते. टाकी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली असेल, तर मातीतले शिसेही पाहा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. विहिरीचा पंप थांबवून दिशा मोजावी का?

उत्तर 2

पंप चालू असताना आणि बंद ठेवून पातळी स्थिरावल्यावर, अशी दोन्ही वेळा मोजा. दोन नकाशांतला फरक पाहिला, की विहीर प्रदूषण ओढत आहे का, ते स्पष्ट होईल.