'औदुंबर'मधला 'असला': भरतीचा शब्द की कवितेचा जीव?

पाटीपेन्सिल
भाचीला बालकवींच्या 'औदुंबर'चं रसग्रहण लिहायचं होतं. गाईडात उत्तर तयारच: निसर्गाचं मनोहर चित्र, रंगांची उधळण, प्रसन्न वातावरण. म्हटलं, कशावरून प्रसन्न? तर म्हणे, झरा आहे ना, मामा.

आठच ओळींची कविता. झरा, चार घरांचं गाव, शेतमळे, पांढरी पायवाट, काळा डोह आणि शेवटी 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर'. मला ती उदास वाटते, आणि हे मी रंगांच्या क्रमावरून म्हणतोय. हिरवा तीनदा येतो: हिरवाळी, हिरवी गर्दी, हिरव्या कुरणामधुनि. पायवाट त्या हिरव्यातूनच जाते, पण तिची ओळ संपते 'काळ्या डोहाकडे'. तिथून पुढे हिरव्याचं नाव नाही. ज्या झाडाच्या नावाची कविता, त्या झाडालाही रंग दिलेला नाही. सगळा उतार काळोखाकडे, आणि तळाशी हा 'असला' औदुंबर, एकटा.

खानदेशी
बालकवी 1918 साली भादलीजवळ रेल्वेगाडीखाली गेले, वय अवघं 27. हे माहीत असलं की काळा डोह दिसताच वाचक गळा काढायला मोकळा! कवीचं मरण बाजूला ठेवा आणि झाड बसलंय कसं ते बघा. पाय पाण्यात सोडून. आमच्याकडे म्हशी डुंबत असतात तेव्हा गुराखी असाच बसतो. याला उदास म्हणत नाहीत, निवांत म्हणतात.

आणि 'असला'चं एवढं कौतुक नको. ओळ 27 मात्रांची आहे (उच्चारायला आखूड अक्षराची एक मात्रा, लांब अक्षराची दोन), 8-8-11, शेवटचं अक्षर लांबवून. नुसतं 'बसला औदुंबर' म्हटलं तर चार मात्रा कमी पडतात. 'बसला'च्या नादानं 'असला' आला आणि खड्डा भरला. भल्याभल्यांनी असं केलंय.

पाटीपेन्सिल
मरणाचा उल्लेख मी केलाच नव्हता, तुम्ही केलात :)

खड्डाच भरायचा होता तर 'हिरवा' टाका की. 'जळात बसला हिरवा औदुंबर'. मोजा, चारच मात्रा. 'तेथे'ही बसतं. 'हिरवा' तर तीनदा वापरून झालेला, हाताशीच पडलेला शब्द. तो सोडून 'असला' घेतला. मग याला भरती कसं म्हणायचं?

उंबरठा
दोघंही मधला शब्द घेऊन बसलात, शेवटच्याकडे कुणी बघेना. झाडाला बोलताना आपण उंबर म्हणतो. औदुंबर म्हटलं की दत्त आला, पार आला, प्रदक्षिणा आल्या. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी त्याच नावाचं दत्तस्थान आहे. गुराखी उंबराखाली बसेल, पण औदुंबर स्वतः बसला की तो जोगी होतो. म्हणून मला ही कविता उदासही वाटत नाही आणि निवांतही. अलिप्त वाटते.

'काळिमा' बघा. एरवी हा शब्द बदनामीचा, घराण्याच्या नावाला काळिमा फासला वगैरे. इथे त्याच्या आधी 'गोड' ठेवलंय. 'गोड काळिमा पसरी लाटांवर'. उदास म्हणणाऱ्यांनी 'गोड'चं काय ते सांगावं, प्रसन्न म्हणणाऱ्यांनी 'काळिमा'चं.

खानदेशी
'गोड काळिमा'ला माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य. पण 'औदुंबर'चं जोगीपण मला लांबून आणलेलं वाटतं. उंबर म्हटलं तर ओळ परत तोकडी पडते, एवढाच मामला.

शुद्धलेखन
'बसला असला' हे 'तिथे बसला असला तर हाक मार' यातलं तर नसेल? कवी अंदाज करत असेल.

पाटीपेन्सिल
नाही हो. 'तर'शिवाय ते लोंबकळत राहतं. इथे 'असला' औदुंबराचाच.

पण शब्दांच्या क्रमाचं बोलायचं राहिलं. गद्यात लिहा: असला औदुंबर जळात पाय टाकून बसला. बातमी झाली. कवितेत आधी पाय, मग पाणी, मग बसणं, आणि बसलंय कोण ते अगदी शेवटच्या शब्दाला.

खानदेशी
शीर्षकात सांगून झालंय की! 'औदुंबर' वाचूनच आत शिरलो, आता कसलं रहस्य?

पाटीपेन्सिल
रहस्य नाही, ताटकळणं. नाव आधी सांगितलं आणि सात ओळी झाडाचा पत्ता नाही.

खानदेशी
हं. क्रमाचं मीही तपासलं. 'गाव चिमुकले' उलटं म्हणून बघा, 'चार घरांचे चिमुकले गाव'. मात्रा तेवढ्याच, पण चाल अडखळते. म्हणजे तिथे चालीनं क्रम ठरवला, कवीच्या भावनेनं नव्हे. 'पायवाट पांढरी' मात्र 'पांढरी पायवाट' केली तरी 11 मात्राच, आणि म्हणायलाही फारसं बिघडत नाही. तिथे कवीनं आधी वाट दाखवली, मग तिचा रंग. हे का, ते मला अजून सुचलेलं नाही.

उंबरठा
अहो, टेकडीवरून बघताना आधी रेघ दिसते.

खानदेशी
रेघ पांढरी असते म्हणूनच दिसते ना? हिरव्यात दुसरं काय उठून दिसणार?

पाटीपेन्सिल
'असला' आपण एरवी कोणत्या सुरात म्हणतो, हेही महत्त्वाचं. 'असला कसला माणूस' यात तिरस्कार, 'असला पाऊस झाला की विचारू नका' यात अचंबा. कागदावर सूर कळत नाही, वाचणाऱ्याला ठरवावा लागतो. मी तो खालच्या पट्टीत, दमल्यासारखा वाचतो.

म्हणून काल भाचीला मोठ्यानं वाचायला लावलं. 'असला'वर तिनं आवाज चढवला. विचारलं, असा का? म्हणाली, 'असला भारी औदुंबर! भारी त्यांनी लिहिलं नाही फक्त.'

खानदेशी
पोरगी आमच्या बाजूची निघाली. मात्रांत 'भारी' बसत नाही म्हणून गाळलं, हेही लिहायला सांगा तिला.