अक्षता पत्रिकेतल्या वेळेला की साहेबांची गाडी आल्यावर?

कोरेगावकर (धागाकर्ता):
बहिणीचं लग्न मे महिन्यात आहे. सुपारी फुटली, कार्यालय ठरलं, बस्ता पुढच्या आठवड्यात. पत्रिका छापायला टाकायच्या आधी घरात एका गोष्टीवर अडलंय. माझं म्हणणं, पत्रिकेत १२:३५ लिहिलं तर अक्षता १२:३५ लाच पडल्या पाहिजेत. आपल्याकडं नवरा-नवरी बोहल्यावर उभी असतात, अंतरपाट धरणारे खोळंबलेले असतात आणि माइकवर सत्कार चालू असतात. एका साहेबांच्या शुभेच्छा संपेपर्यंत दुसऱ्या साहेबांची गाडी दारात येते. लेकुरवाळ्या बाया मेच्या उकाड्यात ताटकळतात, त्यांचं कुणाला काही नाही. म्हणून टॉवेल-टोपी, फेटे बंद. अक्षतांआधी एकही भाषण नाही. पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती' नाही. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यात. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि साध्या, कमी खर्चाच्या लग्नाची रीत घालून दिली. त्यांच्याच सातारा जिल्ह्यात लग्नाची जाहीर सभा होते, हे मला सहन होत नाही.

तासगावचा शेतकरी:
वेळेचं पटलं, बाकीचं नाही. दोन वर्षांपूर्वी माझा ऊस फडात वाळत होता, तोडणीची टोळी मिळेना. ज्यानं चार फोन करून टोळी आणून दिली त्याला मुलाच्या लग्नात फेटा बांधला, तर ती चमचेगिरी नव्हे. गावात माणूस माणसाच्या उपयोगी पडतो आणि त्याची जाण चारचौघांत दाखवायची जागा लग्नच असते. टोपी घातली नाही म्हणून जेवण न करता परत गेलेले मामा मी पाहिलेत. नंतर भावकीत राहायचं तुम्हालाच आहे.

कोरेगावकर:
दादा, उपकार विसरा असं मी म्हणत नाही. अक्षता झाल्यावर त्यांना हाताला धरून पंगतीत बसवू, बाबा स्वतः वाढतील. टॉवेलपेक्षा तो मान मोठा आहे. आणि ज्यांनी काहीच केलं नाही, नुसती पंचायत समिती लढवायची आहे, त्यांची नावं माइकवर का घ्यायची?

कराडचा आचारी:
आमच्या बाजूनं सांगतो. जिलेबी, मसालेभात, मठ्ठा, वांग्याची भाजी हे सगळं आम्ही वेळ धरून करतो. एक तास उशीर झाला की जिलेबी मऊ पडते, मठ्ठा उन्हानं आंबतो, भाताला खालून पाणी सुटतं. लोक कंटाळून अक्षतांआधीच पानावर बसतात. मग मंगलाष्टका चालू असताना मांडव अर्धा रिकामा. नावं आम्हाला ठेवतात.

मिरजेची लेक:
पुरुषांच्या टोप्यांवर एवढा वाद, पण मानपानाच्या साड्यांचा हिशेब कुणी मांडला? नेसवायच्या म्हणून घेतलेल्या साड्या कुणी नेसत नाही, त्या पुढच्या लग्नात दुसरीकडं जातात. बंद करायचं तर तिथून करा, खर्च तिथं आहे. आणि पत्रिकेत आजोबा, चुलते, आत्याचे यजमान सगळे असतात, नवरीच्या आईचं नाव शोधावं लागतं. ते आधी घाला. नवरा-नवरीची नावं आधार कार्डावर आहेत तशीच छापा. लग्नाची नोंदणी करताना पत्रिका मागतात, तीन साक्षीदार लागतात, तेव्हा लाडाचं नाव अडतं.

विट्याहून:
गोरज मुहूर्त असेल तर कोरेगावकरांचं शंभर टक्के बरोबर. सत्कारांत तास गेला की वरात निघायलाच उशीर होतो. रात्री १० नंतर स्पीकर चालत नाही, पोलीस येतात आणि पोरं त्यांच्याशी हुज्जत घालतात. पुढारी तोवर चौथ्या लग्नाला पोहोचलेले असतात.

तासगावचा शेतकरी:
आचाऱ्याचं आणि मिरजेच्या ताईंचं पटलं. साड्यांचं घरात बोलतो. पण टोपी एकदम बंद करू नका. बंद करायचीच असेल तर पत्रिका द्यायला जाल तेव्हा मामा-आत्यांना घरी बसून तोंडानं सांगा. मांडवात कळलं तर अपमान, आधी कळलं तर ठराव.

कोरेगावकर:
हे करतो. रविवारी मोठ्या मामांकडं चाललोय, आईच्या नावाचंही तिथंच ठरवू. 'प्रमुख उपस्थिती'ची ओळ मात्र छापणार नाही, त्यावर माझं मत बदललेलं नाही.

तासगावचा शेतकरी:
माझंही नाही. आमच्या घरच्या पत्रिकेत ती असेल, पण अक्षता वेळेवर पडतील.