बेटावरचा हायड्रोजन आपल्या नर्मदाकाठच्या पाड्यांना चालेल का?

साक्रीकर:
नॉर्वेच्या उत्सिरा बेटावर २००४ मध्ये दहा घरांसाठी प्रयोग झाला. वारा जोरात असला की उरलेल्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन साठवायचा, वारा पडला की त्याची परत वीज करायची. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर वीज गरजेपेक्षा जास्त होते, पण मुख्य भूमीकडे जाणारी केबल अपुरी, म्हणून पवनचक्क्या बंद ठेवाव्या लागतात. तिथल्या ईडे बेटावर वारा आणि भरती-ओहोटीच्या विजेवर हायड्रोजन करून तो बोटीने ऑर्कनीच्या मुख्य गावाला, कर्कवॉलला नेला. आपल्या नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात सरदार सरोवराच्या पाण्यामुळे तुटलेले पाडे आहेत, दवाखानासुद्धा बोटीतून येतो. ही आपली बेटंच. इथे का नको?

दीपनगरवाला:
हिशोब तर करा भो! १ किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट लागतात, फ्युएल सेलमधून, म्हणजे हायड्रोजनची वीज करणाऱ्या यंत्रातून, परत मिळतात १६-१७. बॅटरीत १०० घाला, ८५-९० हातात येतात. आणि पाड्यावर उरणारी वीज आहेच कुठे? दिवे, मोबाईल, पिठाची गिरणी, लसीचा फ्रिज, एवढ्याला सोलर अन् बॅटरी पुरे. हायड्रोजन बारीक फटीतूनही निसटतो, मोठ्या दाबाने भरावा लागतो. भर पावसाळ्यात बिघडला तर मेकॅनिक कुठून आणणार? उत्सिराचा प्रयोग काही वर्षांत थांबला, तेही लिहायचं होतं.

नर्मदाकाठ:
मी या भागात शिकवतो. आमच्या पाड्यावर सोलर दिवे आले तेव्हा पोरं रात्री अभ्यासाला बसायची. दोन वर्षांत बॅटऱ्या बसल्या. कळवून थकलो, कोणी फिरकलं नाही.

कापूसपट्टा:
आणि पाणी? उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर.

साक्रीकर:
१ किलोला ९ लिटर, शुद्धीकरणात जातं ते धरून दुप्पट. रोज १०० किलो केला तरी एका टँकरपेक्षा कमीच. उत्सिराचं सांगायचं राहिलं, चूक मान्य. पण बॅटरी रात्रीपुरती. आमच्या साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर आखाडात वारा कसा घोंघावतो, अन् हिवाळ्यात किती मंदावतो! आखाडातली वीज पौषापर्यंत बॅटरीत ठेवायची तर किती बॅटऱ्या लागतील?

दीपनगरवाला:
मग तो साक्रीचा मुद्दा झाला, अन् साक्रीला ग्रिड आहे. तिथला हायड्रोजन खताच्या अमोनियाला द्या, त्याला लागणारा हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून होतो. त्याला माझा पूर्ण पाठिंबा. पाड्यावर मात्र बॅटरीच.

नर्मदाकाठ:
बॅटरी तर बॅटरी. पण ती बदलायचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, अन् पाड्यावरच्याच दोन पोरांना दुरुस्ती शिकवा. पोरं मी देतो.