बढाई, प्रौढी की अभिमान?

चातक : एका लेखाचं भाषांतर करतेय. विषय बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय 11 आणि 12. पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, बढाईच मारायची तर मी माझ्या दुबळेपणाची मारीन. तपासणाऱ्या बाईंनी 'बढाई'वर लाल रेघ ओढली : प्रेषित बढाया मारत नाहीत. 'अभिमान बाळगीन' केलं, तर वाक्यातला चटकाच गेला. मूळ ग्रीक क्रियापद 'काउखाओमाय' बऱ्यावाईट दोन्ही अर्थांनी येतं. मराठीत असा दुधारी शब्द आहे का?

पारंबी : 'प्रौढी मिरवणे' आहे की. आजी रात्री बायबल मोठ्याने वाचायची. अशक्तपणाची कसली प्रौढी, असं मी विचारलं तेव्हा तिने चष्मा काढून दमास्कसची गोष्ट सांगितली. राजा अरीतासच्या अधिकाऱ्याने पौलाला धरायला पहारा बसवला, तेव्हा साथीदारांनी त्याला पाटीत, म्हणजे टोपलीत, बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं. फटके, तुरुंग, जहाज फुटणं, सगळं सांगून झाल्यावर शेवटी ही पाटी. आजीच्या प्रतीत त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने 'पाटी' एवढंच लिहिलेलं आहे.

ताम्रपट : रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्याला सोन्याचा मुकुट मिळे. करिंथ तर रोमन वसाहत. तिथल्या लोकांना हा माणूस सांगतोय, मी तटावरून उतरलो, तोही पाटीतून! माझं मत 'बढाई'ला. मी हे मूर्खासारखं बोलतोय, असं तो स्वतःच म्हणतो. शब्द सोवळ्यात ठेवला की ते सगळं गेलं.

सोनचाफा : 'बढाई' हिंदी वळणाची, 'शेखी' अरबी शेखावरून आलेली. 'आढ्यता' असताना हे कशाला? आढ्य म्हणजे श्रीमंत, 'धनाढ्य'मधला.

चातक : इफिसकरांस 2:9 मध्ये आढ्यता चपखल बसते. तारण कृपेने, म्हणून कोणी आढ्यता बाळगू नये. पण गलतीकरांस 6:14 मध्ये 'वधस्तंभाची आढ्यता' म्हणून बघा. नाही चालत.

पारंबी : आणि शेखी मिरवत आमच्या चार पिढ्या गेल्या. शब्द कुठून आला यावरून त्याला घराबाहेर काढायचं नसतं.

सोनचाफा : काढत नाही हो. हाताशी असलेला शब्द आधी वापरा, एवढंच.

रानवाट : 'अभिमान' मुळात दुधारीच आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात तो दंभ-दर्पांच्या पंगतीला, आसुरी लक्षणांत बसलाय. आज आपण देशाभिमान कौतुकाने म्हणतो. त्यातला कडूपणा गेला, म्हणून 'दुरभिमान' वेगळा काढावा लागला.

पण खरी गंमत हिब्रूत आहे. यिर्मया 9:23-24 : ज्ञान्याने ज्ञानाची, बलवानाने बळाची, धनवानाने धनाची प्रौढी सांगू नये, सांगायचीच तर मला ओळखतो याची, असं देव म्हणतो. पौल करिंथकरांच्या दोन्ही पत्रांत याचाच आधार घेतो. तिथलं क्रियापद 'हालेलुया'च्या धातूचं आहे. बढाई आणि स्तुती एकाच घरची! म्हणून मी सुचवतो, 'गोडवे गाणे'. स्वतःचे गायले तर वाईट, देवाचे गायले तर चांगलं.

ताम्रपट : दुबळेपणाचे गोडवे? मग दुबळेपणाच गोड ठरतो. पौल आपल्या एका त्रासाला 'शरीरातला काटा' म्हणतो; तो त्याला गोड वाटत नव्हता, तो काढावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली.

पारंबी : याच ओघात एक विचारते. गणना 12:3 मध्ये मोशे पृथ्वीवरच्या सर्व माणसांहून नम्र होता, असं आहे. परंपरेप्रमाणे ते पुस्तक मोशेनेच लिहिलं. मग मत्तय 11:29 मध्ये येशू म्हणतो, मी मनाचा सौम्य व लीन आहे. स्वतःला लीन म्हणणं ही प्रौढी नाही का?

सोनचाफा : नाही. नम्र वाकतो, आणि वाकलेला पुन्हा ताठ होऊ शकतो. लीन म्हणजे विरघळलेला. त्याला मिरवायला 'मी' उरतच नाही.

ताम्रपट : विरघळणं संस्कृतातलं. ग्रीक 'तापेइनोस' म्हणजे नुसता खालचा, हलका. ग्रीक समाजात तो बहुधा हिणवण्याचाच शब्द. 'लीन'मध्ये ती हीनता येते कुठे?

पारंबी : मग 'दीन'?

सोनचाफा : दीन परिस्थितीने असतो, मनाने नव्हे. मत्तयात 'मनाचा' हा शब्द आहे, तो सोडू नका.