एक्स-रेत सेपरेटर दिसत नाही

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी अनेक छोट्या सेलची बनते. काही जण म्हणतात, एक्स-रे आणि एआय लावलं की सदोष सेल कारखान्याबाहेर पडणारच नाही. एक्स-रेवर भिस्त कुठवर ठेवायची, हे सांगावंसं वाटतं.

सेलमध्ये अ‍ॅनोड (ऋण बाजू) आणि कॅथोड (धन बाजू) यांचे थर आलटून पालटून असतात आणि त्यांना वेगळं ठेवणारा पातळ पडदा म्हणजे सेपरेटर. म्हणून सेलच्या कडेचा एक्स-रे कंगव्यासारखा दिसतो, एक थर म्हणजे एक दात. अ‍ॅनोडचा प्रत्येक दात कॅथोडच्या दातापेक्षा जरासा पुढे हवा. तो मागे राहिला तर चार्जिंगच्या वेळी तिथे लिथियम धातू साचतो आणि पुढे शॉर्ट सर्किटची भीती. हे अंतर दाताला दात लावून मोजणं एआयला छान जमतं. माणसाचे डोळे तासाभरात थकतात.

पण शेवरलेट बोल्ट ही इलेक्ट्रिक गाडी आठवा. 2021 मध्ये ती बनवणाऱ्या जनरल मोटर्सने (जीएम) सगळ्या बोल्ट, म्हणजे 1 लाख 40 हजारांच्या आसपास गाड्या, परत बोलावल्या. कारण, काही सेलमध्ये एकाच वेळी फाटलेला अ‍ॅनोड टॅब (वीज बाहेर नेणारी पट्टी) आणि दुमडलेला सेपरेटर. टॅब धातूचा. सेपरेटर मात्र केसापेक्षाही पातळ प्लास्टिक, एक्स-रेत जवळजवळ दिसतच नाही! जे चित्रात उमटलंच नाही ते एआय मॉडेल शोधणार कुठून? त्यासाठी थर रचतानाच वर कॅमेरा हवा, किंवा नंतर अल्ट्रासाउंड.

दुसरी अडचण म्हणजे चांगल्या उत्पादन लाइनवर दोष इतके दुर्मिळ असतात की मॉडेलला शिकवायला सदोष सेलची चित्रंच पुरत नाहीत. म्हणून बरेच जण मॉडेलला फक्त चांगले सेल दाखवतात आणि वेगळं दिसेल ते बाजूला काढतात. मग चांगले सेलही भंगारात जातात. माझ्या मते ते परवडलं, गाडी आपल्या घराखाली रात्रभर चार्जिंगला असते.